ग्रॅन्थमचं एंजल अँड रॉयल: हाय स्ट्रीटवरच्या एका जुन्या हॉटेलच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

इमारत ठरली. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातल्या ग्रॅन्थम गावात, हाय स्ट्रीटवर उभं असलेलं एंजल अँड रॉयल हॉटेल. पुण्यात वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांसाठी आराखड्यांच्या कागदांची, म्हणजे शीट्सची, एक मालिका करायची आहे. एकच जुनी इमारत घ्यायची आणि ती दगडापासून रस्त्यापर्यंत कशी वाचायची ते दाखवायचं. सरांनी फोनवर एवढंच बजावलं, "कॅथीड्रल नको आणि राजवाडाही नको. जिथे लोक पैसे मोजून राहिले, जेवले, घोडे बांधले, अशी जागा घे."

ग्लॉस्टरचं न्यू इन आणि ग्लास्टनबरीचं जॉर्ज ही इंग्लंडमधल्या जुन्या पांथनिवासांची दोन नावंही डोळ्यांसमोर होती. ग्रॅन्थम निवडलं ते रस्त्यापायी. लंडनहून यॉर्क आणि तिथून पुढे एडिंबरोला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड गावातून जायचा तो याच हाय स्ट्रीटवरून. लंडन इथून साधारण ११० मैल. १९६२ साली गावाला वळसा घालणारा बायपास झाला, तोवर लांब पल्ल्याची वाहतूक या दारासमोरूनच जात होती. पंधराव्या शतकातली दर्शनी भिंत आणि तिच्यासमोरून जाणारा देशातला एक मुख्य रस्ता, असा जोड एका इमारतीत मिळतोय, तेव्हा दुसरीकडे शोधायला नको.

१५ सप्टेंबर

समोरच्या फुटपाथवरून पहिलं कच्चं एलिव्हेशन, म्हणजे भिंतीचं सरळ समोरून दिसणारं मापातलं चित्र, काढलं. घडीव चुनखडी दगडाची दुमजली भिंत. मधोमध गाडी जाईल एवढी टोकदार कमान. कमानीच्या डोक्यावर भिंतीतून पुढे आलेली छोटी खिडकी. डावी-उजवीकडे तळापासून वरच्या मजल्यापर्यंत चढत गेलेल्या, कोन करून बाहेर आलेल्या मोठ्या खिडक्या. या बाहेर आलेल्या भागांमुळे सपाट भिंत फार थोडी उरते. दिवस कलला की प्रत्येक कोनावर सावली वेगळी पडते आणि भिंतीची खोली कागदावर आपोआप उतरते. मुलांना सावल्या शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

इमारत ग्रेड वन यादीत आहे, म्हणजे इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीत. परवानगीशिवाय तिच्या स्वरूपात फेरफार करता येत नाही, आणि हे संरक्षण नुसत्या दर्शनी भागाला नसून आतल्या जिन्यालाही लागू होतं.

२१ सप्टेंबर

आजचा दिवस कमानीचा. सरांचा निरोप आला होता, "अगं, आधी कमान काढ. बाकीचं तिच्यामागून येईल."

कमानीच्या वरच्या कडेने दगडाची एक उठावदार पट्टी फिरवलेली आहे. शोभेसाठी वाटते, पण तिचं खरं काम पाण्याचं. वरून भिंतीवरून ओघळणारं पावसाचं पाणी ती तोडते आणि कमानीच्या दगडांवर न येऊ देता बाजूला वळवते. ही पट्टी दोन्ही बाजूंना जिथे संपते तिथे एकेक मुकुटधारी मस्तक कोरलंय. परंपरेने ही मस्तकं राजा तिसरा एडवर्ड आणि राणी फिलिपा यांची मानली जातात. मी शीटवर "मुकुटधारी मस्तके, परंपरेने एडवर्ड आणि फिलिपा" असं लिहिलं. मुकुटावरून राजा कळतो, कुठला राजा ते कळत नाही. फिलिपा १३६९ साली वारली, एडवर्ड १३७७ साली, आणि भिंत त्यानंतरच्या शतकातली. मुलांना हा फरक दिसला पाहिजे: दगड काय सांगतो आणि गाव काय सांगतं. दोन्ही नोंदवायचं, पण एका ओळीत मिसळायचं नाही.

चेहरे झिजलेत. नाकाची आणि ओठांची धार गेली आहे, मुकुटाचा घेर मात्र अजून स्पष्ट आहे. १:२० ला, म्हणजे वीस पट लहान करून, काढताना गेलेला भाग कल्पनेने भरण्याचा मोह होतो. भरला नाही. झीज आहे तशी काढली.

२२ सप्टेंबर

वाचनाचा दिवस. इंग्लंडच्या मध्ययुगीन पांथनिवासांचे डब्ल्यू. ए. पँटिन या इतिहासकाराने दोन प्रकार पाडले होते, आणि ते अजूनही उपयोगी पडतात. पहिल्यात मधे चौक असतो, त्याच्या चारही बाजूंनी खोल्या आणि वरच्या मजल्यावर चौकाकडे उघडणारे लाकडी सज्जे. ग्लॉस्टरचं न्यू इन या जातीचं, पंधराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या सेंट पीटर मठाने बांधलेलं. लंडनला बरो हाय स्ट्रीटजवळचं जॉर्ज इनही असंच, १६७६ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेलं. तिथे आता सज्ज्यांची एकच बाजू शिल्लक आहे, कारण बाकीच्या १८८९ साली रेल्वे कंपनीने पाडल्या.

दुसरा प्रकार वेशीसारखा. चांगल्या खोल्या रस्त्यालगतच्या ठोकळ्यात, त्यातून आरपार गाडीवाट, आणि मागे आवार, पागा, कोठारं. ग्रॅन्थम यात मोडतं. ग्लास्टनबरीचं जॉर्जही, जे तिथले मठाधिपती जॉन सेलवुड यांनी यात्रेकरूंसाठी बांधलं आणि ज्याच्या दारावर मठाचं आणि राजा चौथ्या एडवर्डचं अशी दोन्ही मानचिन्हं कोरली.

मठांना आणि धर्मसंघांना या धंद्यात रस का, हे मुलं विचारणारच. रस्त्यालगतची गावठाणातली जमीन त्यांच्याकडे होती, मठातली पाहुण्यांची जागा अपुरी पडत होती, आणि पांथनिवासाचं भाडं दरसाल येत होतं. ग्रॅन्थमच्या या जागेचं नाव टेम्पलर सरदारांच्या, म्हणजे मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांच्या, संघाशी जोडलं जातं. १३१२ साली तो संघ बरखास्त झाला आणि त्याची मालमत्ता हॉस्पिटलर संघाकडे गेली. गावात १२०३ सालापासूनचा इतिहास सांगतात, राजा जॉनचा दरबार १२१३ साली इथे भरला असंही सांगतात. मुलांच्या शीटवर मी जे साल घालणार ते भिंतीचं: पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध.

२९ सप्टेंबर

आज मायकेलमस, संत मायकेलचा दिवस. १७०६ साली वारलेले मायकेल सॉलोमन हे एंजलचे चालक. त्यांनी मृत्युपत्रात दरसाल चाळीस शिलिंग ठेवले, ते या दिवशी चर्चमध्ये दारूबाजीविरुद्ध प्रवचन व्हावं म्हणून. आयुष्यभर प्रवाशांना दारू वाढलेल्या माणसाने आपल्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून ही तरतूद करावी, हे मला मनापासून आवडलं. आराखड्यात याला जागा नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सेंट वुल्फ्रम चर्चचा मनोरा मात्र स्थळदर्शक नकाशात घेतला. त्याचं दगडी टोक सुमारे ८६ मीटरवर जातं. दूरच्या प्रवाशाला आधी ते टोक दिसत असणार, मग गाव, मग हाय स्ट्रीट, मग ही कमान.

५ ऑक्टोबर

कमानीवरची छोटी खिडकी. सगळ्या भिंतीत माझं मन इथे सर्वांत जास्त रमतं.

खिडकी भिंतीतून पुढे आलीय आणि तिच्या खाली आधाराला जमिनीपासून काही नाही, कारण खाली गाडीवाट. सगळा भार एका दगडी तोड्यावर, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या आधाराच्या दगडावर. हा तोडा म्हणजेच देवदूत: हातात मुकुट घेतलेला, सोनेरी रंग दिलेला. हॉटेलचं नाव, हॉटेलची पाटी आणि खिडकीचा आधार, तिन्ही एकाच दगडी आकृतीत. वाचता न येणाऱ्या प्रवाशालाही "एंजलला उतर" एवढं सांगितलं की पुरे व्हायचं.

तोडा कसा टिकतो हे मुलांनी सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी चिरल्यावर दिसेल त्या चित्रात, पाहिलं पाहिजे. असा तोडा जेवढा बाहेर दिसतो त्याहून महत्त्वाचं त्याचं भिंतीत शिरलेलं शेपूट. वरच्या भिंतीचं वजन त्या शेपटावर बसतं म्हणून पुढचा भाग खाली झुकत नाही. म्हणजे खिडकीला देवदूताने तोलून धरलंय आणि देवदूताला वरच्या भिंतीने. बांधताना वरची भिंत चढेपर्यंत खालून लाकडी टेकू देऊनच ठेवावं लागलं असणार.

दुसरी गोष्ट कमानीच्या रेट्याची. टोकदार कमान बाजूला ढकलते. इथे कमानीच्या दोन्ही अंगांना खोल्यांच्या भिंती आणि बाहेर आलेल्या खिडक्यांची बांधणी आहे, ती हा रेटा घेते. एलिव्हेशनमध्ये जे नुसतं डौलदार दिसतं, ते प्लॅनमध्ये चोख हिशोब निघतं.

६ ऑक्टोबर

आतून पाहायला मिळालं. दर्शनी खोलीत बाहेर आलेल्या खिडकीच्या कोनाड्यात उभं राहून वर पाहिलं तर डोक्यावर दगडी छत: बारीक फासळ्या एकमेकींना छेदत गेलेल्या आणि छेदाच्या जागी कोरीव गाठी. चर्चच्या एखाद्या लहान गाभाऱ्याला शोभेल असं काम, आणि ते प्रवाशाच्या जेवणाच्या जागेवर. मोजकी चौरस फूट जागा, पण कारागिराने हात आखडता घेतलेला नाही. पेन्सिल घेऊन एका गाठीखाली बसले. गाठीचे कडेचे पाकळ्यांसारखे भाग खालून सरळ पाहिले तर चपटे वाटतात. दोन पावलं बाजूला सरकून तिरपं पाहिलं की छिन्नीने आत किती खोल कापलंय ते कळतं. फासळ्या गाठीत शिरतात तिथला सांधा इतका घट्ट आहे की रेषा काढताना तो शोधावा लागला.

या खिडक्यांचा उपयोगही सांगायला हवा. तिरक्या बाजूंमुळे आत बसलेल्याला रस्ता दोन्हीकडे लांबवर दिसतो: उत्तरेकडून कोण आलं, दक्षिणेकडून कोण आलं. आणि पंधराव्या शतकात काच महाग होती, त्यामुळे एवढी काच रस्त्यावर दाखवणं म्हणजे इथे पैसेवाले उतरतात याची जाहिरातच. रात्री आत मेणबत्त्या लागल्यावर तर अधिकच.

१२ ऑक्टोबर

दगड आणि दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले मसाल्याने भरलेले सांधे. लिंकनशरमध्ये ज्युरासिक काळातल्या चुनखडीचा लांबच लांब पट्टा उत्तर-दक्षिण पसरलाय. अँकॅस्टरच्या खाणी इथून जवळ, केटन आणि क्लिपशम दक्षिणेला स्टॅमफर्डच्या बाजूला. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर भिंग धरलं तर माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. असा दगड कोणत्याही दिशेने कापता येतो, म्हणून बारीक कोरीवकामाला उत्तम. पण तो पाणी पितो.

या भागात चर्चची डागडुजी करणारे एक वयस्कर गवंडी भेटले. दर्जांबद्दल विचारलं तर त्यांनी अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, "मसाला नेहमी दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचंच असेल तर दर्जेने झिजावं, ती पुन्हा भरता येते." सिमेंटने दर्जा भरल्या की दगडात शिरलेलं पाणी दर्जेतून बाहेर पडू शकत नाही. ते दगडाच्याच तोंडातून बाहेर पडतं, सोबत क्षार आणतं, थंडीत गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या मसाल्यातून भिंतीला श्वास घेता येतो. विसाव्या शतकात मजबुती म्हणून सिमेंट वापरलेल्या कितीतरी चांगल्या इमारतींचं नुकसान असंच झालं. पुण्यातल्या मुलांना हे वेगळं समजावावं लागणार नाही. आपल्याकडच्या चुन्यातल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलंय.

यासाठी १:१० चं एक वेगळं शीट: दोन दगड, मधली दर्ज, आणि पाण्याच्या वाटेचे बाण. एकदा चुन्यासह, एकदा सिमेंटसह.

१९ ऑक्टोबर

१४८३ सालच्या आजच्या तारखेला राजा तिसरा रिचर्ड इथे होता. बकिंगहॅमच्या ड्यूकने बंड केल्याची खबर त्याला लिंकनला असताना लागली. १२ ऑक्टोबरला त्याने चॅन्सेलर, म्हणजे मोहोर ज्यांच्या ताब्यात असे ते राज्याचे अधिकारी, जॉन रसेल यांना राज्याची मोठी मोहोर पाठवायला लिहिलं आणि पत्राच्या शेवटी स्वतःच्या हाताने बकिंगहॅमबद्दल संतापाच्या ओळी जोडल्या. मोहोर १९ तारखेला त्याच्या हाती पडली ती ग्रॅन्थमला, एंजलमधल्या राजाच्या खोलीत. गावात सांगतात की बकिंगहॅमच्या मृत्युदंडावर त्याने इथे सही केली. तेव्हा ड्यूक पकडलाही गेला नव्हता. त्याचं डोकं सॅलिसबरीला २ नोव्हेंबरला उडवलं गेलं. इथे घडलं ते मोहोर सोपवणं, आणि माझ्या मते तेच जास्त बोलकं आहे. मोहोर जिथे, राज्यकारभार तिथे. काही काळ इंग्लंडचा कारभार हाय स्ट्रीटवरच्या एका पांथनिवासातून चालला.

वास्तूच्या बाजूने पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची, कमानीच्या वरून जाणारी दर्शनी खोली हीच इथली मानाची जागा. रस्ता नजरेखाली, खाली फाटक, आत येणारा प्रत्येक जण पायाखालून जाणारा. शीटवर नाव दिलं: "पहिल्या मजल्यावरची दर्शनी खोली, परंपरेने राजाची खोली."

२६ ऑक्टोबर

कमानीतून आत. इथून पुढे सगळं बदलतं. दगडी कोरीवकाम संपतं, विटा सुरू होतात. आवाराच्या कडेने मागे लांबवर गेलेले बांधकामाचे सोपे, त्यातला बराच भाग अठराव्या शतकातला, घोडागाड्यांच्या भरभराटीतला. तेव्हा टर्नपाइक ट्रस्ट टोल घेऊन रस्ते सुधारत होते, आणि १७८४ मध्ये पहिली मेल कोच सुरू झाल्यावर काही वर्षांत टपालाच्या गाड्या या रस्त्यावरही धावू लागल्या. घोडे ठराविक टप्प्यावर बदलावे लागत. म्हणून खोल्यांपेक्षा पागेला जागा जास्त लागायची, आणि पागेला जागा मिळणार ती मागेच. मध्ययुगात आखलेला जमिनीचा पट्टा रस्त्याला अरुंद आणि मागे खोल असतो. वाढ झाली ती त्या खोलीच्या दिशेने.

आज एक गोष्ट पक्की झाली. या हॉटेलने प्रत्येक शतकात स्वतःला बदललं ते पाठीमागे, आणि म्हणूनच तोंड टिकलं. कमान मोठी करायची गरज पडली असती तर देवदूत गेला असता, खिडकी गेली असती. पंधराव्या शतकात वाट सढळ ठेवली म्हणून अठराव्या शतकातली गाडी तीतून आत गेली.

२७ ऑक्टोबर

हाय स्ट्रीटवरच थोड्या अंतरावर जॉर्ज हॉटेल होतं, १७८० च्या सुमाराचं, लाल विटांचं, जॉर्जियन म्हणजे त्या काळातल्या इंग्लिश शैलीच्या शिस्तीतलं. चार्ल्स डिकन्स १८३८ साली यॉर्कशरकडे जाताना तिथे उतरला होता. आता दर्शनी भाग तसाच उभा आणि आत शॉपिंग सेंटर. तुलनेसाठी अर्धं शीट यालाही देणार. तिथे तोंड ठेवून पाठ पूर्ण काढली. इमारत वाचली हे खरंच, पण आत शिरल्यावर रस्ता, फाटक आणि आवार यांचं नातं कुठे सापडत नाही. एंजलमध्ये ते अजून चालून अनुभवता येतं, आणि मला त्याचं मोल भिंतीवरच्या कोरीवकामाइतकंच वाटतं.

३ नोव्हेंबर

मालिकेचा क्रम बदलला. आधी एलिव्हेशन पहिलं होतं. आता पहिलं शीट लांब सेक्शन: रस्त्याच्या मध्यापासून, कमानीखालून, आवार पार करून थेट मागच्या टोकापर्यंत, १:१०० ला. कमानीत तीन आकृत्या एकावर एक, वेगवेगळ्या रेषेने: पंधराव्या शतकातला घोडेस्वार, छतावर माणसं बसलेली मेल कोच, आणि मोटारगाडी. अशा कमानींखालून जाताना छतावरच्या प्रवाशांना मान खाली घालावी लागे, आणि ते सेक्शनमध्ये एका नजरेत कळतं. सरांना पाठवलं. उत्तर आलं, "हेच. कोचची चाकं रस्त्याच्या लेव्हलला नीट बसव, आणि पागेचा उतार विसरू नकोस. घोड्याचं मूत कुठे जायचं ते मुलांना विचार." उतार आणि पन्हळ दोन्ही दाखवले.

१० नोव्हेंबर

कालरेषेची पट्टी. १८५२ ला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मुख्य मार्ग ग्रॅन्थमवरून सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या घोडागाड्या संपल्या. १८६६ ला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, इथे येऊन गेला आणि एंजलच्या नावाला रॉयल जोडलं गेलं. रस्ता हातचा गेला तेव्हा नावाचा आधार घ्यावा लागला, असं मी त्याकडे पाहते. पुढे मोटारी आल्या, रस्ता परत आला. १९६२ ला बायपासने तो पुन्हा नेला.

पट्टीत मुंबईचंही एक टिंब टाकलं. १८६७ ते ६९ या काळात काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं, आज आपण एस्प्लनेड मॅन्शन म्हणतो ते. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा, ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणलेले. ग्रॅन्थमच्या हॉटेलला नवं नाव मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून एक अख्खं हॉटेल सुट्या भागांत मुंबईला निघालं होतं. त्यात फाटक नाही, पागेचं आवार नाही. प्रवासी आता बोटीने आणि आगगाडीने येणार होता.

१७ नोव्हेंबर

शेवटची दुरुस्ती आणि रवानगी. एकूण क्रम असा राहिला: लांब सेक्शन, तळमजल्याचा प्लॅन, एलिव्हेशन सावल्यांसह, देवदूताचा तोडा १:२०, खिडकीतलं दगडी छत खालून पाहिलेलं, दर्जांचं शीट, आणि शेवटी जॉर्जशी तुलना व कालरेषा. एलिव्हेशन तिसऱ्या क्रमांकावर गेल्याने त्यातली कमान आता पाहणाऱ्याला आधीच ओळखीची असते, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या तिच्याशी मापाने कशा बांधल्यात ते चटकन दिसतं.

मुलांसाठी पहिल्या शीटखाली एकच काम लिहिलं: आपल्या गावातली रस्त्यालगतची एक जुनी लॉज, खाणावळ किंवा धर्मशाळा निवडा आणि रस्त्याच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत तिचा सेक्शन काढा, पाहुणा, सामान आणि वाहन कुठून आत येतं ते तीन वेगळ्या रंगांनी दाखवा. एलिव्हेशन त्यानंतरच काढायचं.